पाच उत्तरं

"आम्ही तुम्हाला शोधलं," बाई म्हणाल्या, "पण तुम्ही कुठेच सापडला नाहीत."

तो त्यांच्या अगदी समोर बसला होता. इस्त्रीचा शर्ट, गुडघ्यावर फाइल, चेहऱ्यावर मुलाखतीला आलेल्या माणसाचं ते ठेवणीतलं हसू. त्याला वाटलं बाई गंमत करताहेत, म्हणून तो थोडं जास्त हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी आपला स्क्रीन त्याच्याकडे वळवला. त्याचं नाव टाकून शोधल्यावर जे आलं होतं त्यात दातांचे एक डॉक्टर होते, एक निवृत्त न्यायाधीश होते आणि शंभर मीटर धावण्यात दुसरा आलेला एक शाळकरी मुलगा होता. एकवीस वर्षं सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस मात्र नव्हता.

"माझं काम आत असतं," तो म्हणाला.

"आत म्हणजे?"

"कंपनीच्या आत. बाहेर दिसत नाही."

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. उलटं अक्षर वाचायची कला त्याला साधली होती. पण वाचण्यासारखं तिथे काही नव्हतंच, बाईंनी फक्त एक प्रश्नचिन्ह काढलं होतं.

ऑफिसात त्याला सगळे मौनीबाबा म्हणत. हे नाव कोणी ठेवलं ते त्यालाही ठाऊक नव्हतं, आणि त्याने विचारलंही नव्हतं, म्हणून तर ते टिकलं. मीटिंगमध्ये तो मूग गिळून बसायचा आणि मीटिंग संपली की जागेवर जाऊन सगळ्यांनी तोंडाने केलेलं काम हाताने करायचा. सरळ नाकासमोर चालणारा माणूस. त्याची कंपनी इस्पितळांच्या प्रयोगशाळांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. रक्त, लघवी, थुंकी, जे काही तपासलं जाईल त्याचा छापील रिपोर्ट ज्या प्रोग्रॅममधून बाहेर पडायचा, तो प्रोग्रॅम मौनीबाबाचा. शेकडो इस्पितळांत रोज हजारो माणसं आपापलं नशीब त्या कागदावर वाचत, आणि कागद कोणी आखला असेल असा विचार करायला त्या वेळी कोणाला फुरसत असते!

त्या कागदावर त्याची म्हणावी अशी एकच गोष्ट होती. पंधरा वर्षांपूर्वी एका इस्पितळात प्रोग्रॅम बसवायला गेला असताना व्हरांड्यात एका म्हाताऱ्याने त्याच्यापुढे रिपोर्ट धरला आणि विचारलं होतं, "यातलं वाईट काय आहे तेवढं दाखवता का?" परत आल्यावर कोणी न सांगता, कोणाला न विचारता त्याने बदल केला. जो आकडा हवा त्यापेक्षा कमी किंवा जास्त असेल तो जाड ठशात आणि एक माप मोठा छापायचा. चष्मा नसला तरी दिसला पाहिजे. साहेबांना हा बदल तीन वर्षांनी कळला आणि तोवर त्याचं श्रेय दुसऱ्याच कोणीतरी घेऊन झालं होतं.

मग कंपनी विकली गेली. नव्या मालकांना रिपोर्टचा विभाग नको होता. नव्वद दिवसांची मुदत देऊन त्यांनी अकरा जणांना गाशा गुंडाळायला सांगितलं. त्यांत मौनीबाबा.

नोकरी गेली हे त्याने घरी सांगितलं नाही, कारण घरी सांगायला कोणी नव्हतं. बायको चार वर्षांपूर्वी निघून गेली होती. जाताना तिने भांडणही केलं नाही. "भांडायला दोघं लागतात," एवढंच म्हणाली आणि तिचं खरंच होतं. आता घरात बोलायचं तर कुकरशी, आणि तोसुद्धा तीन शिट्ट्यांनंतर गप्प व्हायचा. राहता राहिले वडील. ते शहराच्या दुसऱ्या टोकाला, बसने तासाभरावर एकटे राहत. त्यांच्याशी दर रविवारी फोनवर बोलणं व्हायचं. "जेवलास?" "हो. तुम्ही?" "झालं माझं. बरं, ठेवू?" आई गेल्यापासून सहा वर्षं हे असंच चालू होतं. तिच्या हातात फोन असताना तासभर पुरायचं ते बोलणं तिच्याबरोबरच गेलं असावं. मुदत सुरू झाल्यावरच्या पहिल्या रविवारी मौनीबाबा वडिलांना म्हणाला, "जरा घाईत आहे, ऑफिसला निघतोय." वडील म्हणाले, "रविवारी? बरं बरं, नीघ."

नोकरी तर मिळवायचीच होती. पण खरं सांगायचं तर त्या मुलाखतीनंतर त्याला दुसरीच गोष्ट लागून राहिली. आपल्याला शोधायला कोणी निघालं तर त्याला काय सापडेल? दातांचे डॉक्टर! एवढी वर्षं आपण जगलो त्याची कुठे एक ओळ नाही, आणि ती ओळ नाही हे सांगायलाही कोणी नाही. जिना उतरताना हा विचार आला आणि त्याला एकदम भरून आलं. आपण कोणाला तरी सापडलं पाहिजे, असं त्याला फार वाटलं.

त्याच्याबरोबर काढलेल्या अकरा जणांत एक लाउडस्पीकर होता. हेही ऑफिसातलंच नाव. लाउडस्पीकरने वीस वर्षांत जेमतेम वीस दिवसांचं काम केलं असेल, पण आठवड्याच्या आत त्याला तीन ठिकाणांहून बोलावणं आलं. मौनीबाबाने त्याला चहाला बोलावलं.

"तुझं काय चुकतं सांगू?" लाउडस्पीकर बिस्कीट बुडवत म्हणाला. "तू काम करतोस."

"मग काय करू?"

"कर की काम, पण ओरडून कर. लोक काय बघतात? तुझं नाव बघतात. रोज एक पोस्ट टाकायची. काय शिकलो, कुठे धडपडलो, कोणामुळे उभा राहिलो. आणि एक लक्षात ठेव, कमेंट आली की उत्तर द्यायचंच. प्रत्येकाला. लोकांना वाटलं पाहिजे, हा माणूस आपल्याशी बोलतो."

"रोज? प्रत्येकाला?"

"नाव करायचंय ना? मग तोंड उघड की लेका!"

आता ज्याने उभ्या जन्मात शेजाऱ्याला 'काय कसं काय' विचारलं नाही, त्याने अनोळखी माणसांशी रोज गप्पा मारायच्या. पण माणूस सॉफ्टवेअरचा. जे काम करायला जिवावर येतं ते मशीनच्या गळ्यात कसं घालायचं, याचीच तर त्याने आयुष्यभर भाकरी खाल्ली होती. आठवडाभर बसून त्याने पन्नास पोस्ट लिहून काढल्या आणि एका रांगेत लावून ठेवल्या. रोज सकाळी साडेआठला एक आपोआप बाहेर पडेल. मग कमेंटना उत्तरं देणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्यात पाच उत्तरं घातली.

मनापासून धन्यवाद!

तुमचं मत माझ्यासाठी मोलाचं आहे.

अगदी बरोबर बोललात! असेच सोबत राहा.

यावर नक्की विचार करेन.

असे वाचक लाभणं हे माझं भाग्य.

एकामागून एक, ओळीने. पाच संपली की पुन्हा पहिलं. उत्तर लगेच गेलं तर संशय येईल म्हणून प्रत्येक उत्तराआधी वीस ते नव्वद मिनिटांचं कमीजास्त अंतर ठेवलं. एखादा आळशी माणूस एवढे कष्ट घेता ना! पण मौनीबाबा काम चोख करणारा. प्रोग्रॅम चालू करून त्याने सुटकेचा निःश्वास सोडला आणि कमेंट आल्याच्या सूचना फोनवर बंद करून टाकल्या. फक्त आकडे बघायचे, असं ठरलं.

पहिली पोस्ट जाड ठशातल्या आकड्यांची होती. व्हरांड्यातला म्हातारा, 'यातलं वाईट काय' हा प्रश्न, सगळं त्यात आलं. एकोणीस लाइक मिळाले. दुसरीला सात, तिसरीला अकरा. तो रोज सकाळी आकडा बघायचा, जसा दुसरा कोणी वजन बघतो. तीन आठवड्यांत तो शंभरावर गेला. चौथ्या आठवड्यात जी पोस्ट बाहेर पडली तिने मात्र कमालच केली.

ती वडिलांवर होती. वडील लिफ्टचे मेकॅनिक. शहरातल्या चाळीस इमारतींच्या लिफ्ट त्यांच्याकडे होत्या. शाळेला सुट्टी असली की ते याला बरोबर न्यायचे. गच्चीवर लोखंडी दाराची एक खोली असायची, आत वंगणाचा वास, काळी मोटर आणि भिंतीला तारेने अडकवलेलं एक कार्ड. काम झालं की वडील हात पुसून त्या कार्डावर सही करायचे. तिरपं, रेखीव अक्षर. याने एकदा विचारलं होतं, "बाबा, हे कोण वाचतं?" वडील म्हणाले होते, "कोणी नाही. पण लिफ्ट पडली नाही याचा अर्थ कोणीतरी सही केलीय." आणि सही केल्यावर पेन खिशाला लावताना ते नेहमी पुन्हा कार्डाकडे वळायचे. "तारीख राहिलीच. तारखेशिवाय सही धरत नाहीत."

एवढंच लिहिलं होतं. पोस्ट हजारो लोकांनी पुढे पाठवली. डोळ्यांत पाणी आलं असं शेकडो जणांनी लिहिलं. प्रोग्रॅमने प्रत्येकाला उत्तर दिलं. त्या दिवशी मौनीबाबाला वडिलांची फार आठवण आली. फोन करावा असं दोनदा मनात आलं. पण पोस्टबद्दल सांगायचं तर नोकरीचंही सांगावं लागलं असतं, आणि रविवार तर चार दिवसांवर होता. रविवारी बोलणं झालं. "जेवलास?" "हो." वडिलांचा आवाज थकल्यासारखा वाटला. "काही होतंय का?" असं याने विचारलंही. "छे, पाय जरा सुजलेत. वय झालं. ठेवू?"

असे दिवस गेले. मुदतीचे पंच्याहत्तर दिवस संपले आणि शहात्तराव्या दिवशी, सोमवारी, त्याच बाईंनी पुन्हा बोलावलं.

"आता सापडलात!" त्या दारातच म्हणाल्या.

या वेळी खुर्ची तीच होती पण चहा आला. कंपनीला एक माणूस हवा होता. कोड थोडा लिहायचा, पण मुख्य म्हणजे बाहेरच्या सॉफ्टवेअरवाल्यांशी बोलत राहायचं, त्यांच्या अडचणी ऐकायच्या, कंपनीचा चेहरा व्हायचं. मौनीबाबा आणि चेहरा! त्याला मनातल्या मनात हसू आलं. पण आत कुठेतरी ऊबही वाटली. पंच्याहत्तर दिवसांत कोणीतरी त्याला पहिल्यांदाच हवा म्हणत होतं.

"तुमच्या पोस्टपेक्षा तुमची उत्तरं आम्हाला आवडली," बाई म्हणाल्या. "एकालाही सोडत नाही तुम्ही. इतकी आपुलकी हल्ली कुठे दिसते? तो एक गृहस्थ आहे बघा, जुना लिफ्टवाला म्हणून. तुमच्या प्रत्येक पोस्टवर असतो. त्याला तुम्ही दर वेळी उत्तर दिलंय. साधा माणूस दिसतो, कधीकधी विषय सोडूनच लिहितो, पण तुम्ही कंटाळत नाही."

"कोण?" मौनीबाबाने विचारलं.

"जुना लिफ्टवाला. चित्राच्या जागी लिफ्टचं बटण आहे."

पुढे बाई काय बोलल्या ते त्याला आठवत नाही. शुक्रवारपर्यंत होकार कळवा, असं काहीतरी. त्याने हात जोडले, बाहेर आला, जिन्याच्या पहिल्याच वळणावर पायरीवर बसला आणि पोस्ट सुरू केल्यापासून पहिल्यांदाच आपल्या पोस्टखाली काय लिहिलं गेलंय ते वाचायला लागला.

जुना लिफ्टवाला पहिल्या पोस्टपासून होता.

"सर, छान लिहिलंय. सोपं आहे. मला सगळं समजलं."

खाली उत्तर: मनापासून धन्यवाद!

सर! वडील त्याला सर म्हणत होते. बाकीचे लोक म्हणत होते म्हणून तेही म्हणत होते. चारचौघांत मुलाची पंचाईत नको.

"सर, आजच्या लिखाणातलं काही कळलं नाही. पण तुम्ही वैतागून लिहिलंय असं वाटलं. जेवण वेळेवर घेत जा." उत्तर: असे वाचक लाभणं हे माझं भाग्य.

"सर, आज सहा वर्षं झाली. आठवण असेलच तुम्हाला." त्याने तारीख पाहिली. आईचा दिवस. त्याला आठवण होती, पण ती दुपारी आली होती, आणि मग फोन करायला लाज वाटली होती. खाली उत्तर होतं: यावर नक्की विचार करेन.

त्याने भिंतीला डोकं टेकलं. बाजूने दोघं जण बोलत खाली गेले, त्यांना त्याने वाट करून दिली. मग पुढे वाचलं.

"सर, तुम्ही जाड ठशातल्या आकड्यांबद्दल लिहिलं होतं. आज माझा रक्ताचा रिपोर्ट आणला. तुमचं काम पक्कं आहे, चष्म्याशिवाय दिसले. तीन आकडे जाड आहेत. काळजी करण्यासारखं काही नसेल ना?"

खाली, एकोणसत्तर मिनिटांनी दिलेलं उत्तर: अगदी बरोबर बोललात! असेच सोबत राहा.

या कमेंटला आठ आठवडे झाले होते. त्यानंतर पाच आठवडे जुना लिफ्टवाला रोज काहीबाही लिहीत राहिला, पण रिपोर्टबद्दल एक शब्द नाही. मग तीन आठवड्यांपूर्वीची ही: "सर, आता सोमवार आणि गुरुवार इस्पितळात मशीनवर बसावं लागतं. चार तास. वेळ जात नाही म्हणून तुमचं सगळं लिखाण परत पहिल्यापासून वाचतोय." उत्तर: तुमचं मत माझ्यासाठी मोलाचं आहे.

मौनीबाबा पायरीवरून उठला. आज सोमवार होता.

वडिलांच्या घराला कुलूप होतं. समोरच्या दारातून एका काकूंनी डोकं बाहेर काढलं. "सोमवार ना आज? ते दवाखान्यात. अकराच्या बसने जातात. मी म्हटलं कोणाला तरी बोलवा, तर म्हणाले मुलगा कामात आहे." मग त्यांनी त्याला नीट पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही कोण त्यांचे?" पाच महिन्यांत तो इथे आला नव्हता. तासाभराच्या अंतरावर. उत्तर देताना त्याने मान वर केली नाही.

काकूंनी सांगितलेल्या इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर एका लांबट खोलीत आठ आरामखुर्च्या होत्या आणि प्रत्येक खुर्चीशेजारी माणसाच्या छातीएवढं उंच डायलिसिसचं मशीन. खिडकीजवळच्या खुर्चीत वडील होते. दंडाला नळ्या, पायावर चादर, छातीवर फोन. एवढे बारीक झाले होते की शर्टाची कॉलर मानेला कुठेच लागत नव्हती. शेजारचं मशीन संथपणे फिरत होतं आणि वडील त्या मशीनकडे असे बघत होते, जसे नव्या मेकॅनिकच्या कामाकडे बघायचे.

"अरे!" ते म्हणाले. "तू कसा काय? ऑफिस?"

"नाहीये ऑफिस, बाबा."

"माहीत आहे." त्यांनी फोनकडे बोट दाखवलं. "तिथे लिहिलं होतंस, नव्या कामाच्या शोधात. शेजारच्या मुलीने दाखवलं. म्हणून तर खातं काढलं. म्हटलं, सांगत नाहीये तर विचारू नये, लांबून बघत राहावं."

तो स्टुलावर बसला. मग एकदम म्हणाला, "बाबा, ती उत्तरं मी दिली नव्हती. प्रोग्रॅम होता. रिपोर्टचं ते… मी वाचलंच नव्हतं. मी काहीच वाचलं नाही."

"ठाऊक आहे मला."

"केव्हापासून?"

"पहिल्यांदा नाही कळलं." वडिलांनी पायावरची चादर सारखी केली. "रिपोर्टवर तू लिहिलंस, बरोबर आहे म्हणून. मला वाटलं, म्हणजे काळजी नाही. याचाच कागद, हाच म्हणतोय. निवांत झालो मी. डॉक्टर नंतर म्हणाले, महिनाभर आधी आला असतात तर कदाचित गोळ्यांवर भागलं असतं. कदाचित म्हणाले हां, नक्की नाही. त्यांचंही काही खरं नसतं."

मौनीबाबाने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"मग ती लिफ्टची पोस्ट परत वाचायला घेतली," वडील सांगत राहिले, "तेव्हा सगळ्यांची उत्तरं ओळीने बघत गेलो. वेळ होताच. पाचच आहेत. सहाव्याला पहिलं परत येतं. म्हटलं, हे माणसाचं काम नाही, हे फिरतंय. वेळ मात्र मागेपुढे ठेवलीस ते झकास. त्याच्यामुळे इतके दिवस पत्ता लागला नाही. काम चोख आहे तुझं."

"कळल्यावरही लिहीत राहिलात," तो कसाबसा म्हणाला. "मशीनला. कशाला?"

वडिलांना या प्रश्नाचं नवल वाटलेलं दिसलं.

"अरे, लिफ्टमध्ये अडकलेला माणूस काय करतो? बटण दाबत राहतो. वरच्या खोलीत कोणी नसतं हे त्याला माहीत असतं. पण मशीन म्हटलं की कधी ना कधी तपासायला माणूस येतोच. आज नाही तर महिन्याने. आपण घंटी वाजवत राहायचं."

तो रडला. आठ खुर्च्यांच्या त्या खोलीत, लोकांसमोर, नाक ओढत, लहानपणी रडायचा तसा. वडिलांनी नळ्या नसलेला हात पुढे करून त्याच्या डोक्यावर ठेवला आणि शेजारच्या खुर्चीतल्या बाईंना म्हणाले, "माझा मुलगा. रिपोर्ट छापतो तो."

जरा सावरल्यावर त्याने फोन काढला आणि प्रोग्रॅम बंद केला. मग तिथेच बसून कंपनीच्या बाईंना चार ओळी लिहिल्या. ज्या उत्तरांसाठी तुम्ही मला घेताय ती माझी नाहीत, मशीनची आहेत, आणि तो जुना लिफ्टवाला माझे वडील आहेत. पंधरा मिनिटांत उत्तर आलं. प्रामाणिकपणाबद्दल आभार, विचार करून कळवते. त्याच्या चौथ्या उत्तराची ही सख्खी बहीण होती, त्याने ओळखलं. नोकरी गेली म्हणायची. मुदतीचे चौदा दिवस उरले होते आणि पुढे काय हे त्याला ठाऊक नव्हतं.

"काय लिहितोयस?" वडिलांनी विचारलं.

"काही नाही. जेवलात का तुम्ही?"

"झालं माझं." मग त्यांनाच काय वाटलं कोण जाणे, म्हणाले, "नाही जेवलो खरं तर. सोमवारी जात नाही जेवण. कंटाळा येतो एकट्याला."

चार तास संपत आले तेव्हा परिचारिका एक तक्ता घेऊन आली. तिने नेहमीप्रमाणे तो वडिलांसमोर धरला, मग स्टुलाकडे पाहून थबकली. "आज आहे का कोणी बरोबर?" वडिलांनी मानेने त्याच्याकडे दाखवलं.

तक्त्यावर आडव्या ओळी होत्या. दर ओळीत तारीख, वजन, रक्तदाब आणि शेवटी एक रकाना, सोबतची व्यक्ती. सहा ओळी भरल्या होत्या. सहाही ठिकाणी तेच तिरपं, रेखीव अक्षर. कोणी नाही. कोणी नाही. कोणी नाही. कोणी नाही. कोणी नाही. कोणी नाही.

त्याने पेन घेतलं आणि सातव्या ओळीत आपलं नाव लिहिलं. सगळं लिहिलं, वडिलांच्या नावासकट. खाली सही केली आणि तक्ता परिचारिकेला द्यायला हात पुढे केला.

"थांब," वडील म्हणाले. चष्मा नव्हता, तरी त्यांनी मान उचलून कागद नीट पाहिला. "तारीख राहिलीय. तारखेशिवाय सही धरत नाहीत."